घराचे आपलेपण : वांद्र्यातील गृहरचनेचा एक विचार

१

मुंबईचा मराठी माणूस आपल्या राहत्या घराविषयी बोलताना बहुधा 'घर' हा शब्द वापरीत नाही. तो 'जागा' म्हणतो. जागा मिळाली, जागा अपुरी पडते, जागा सोडावी लागली, अशी त्याची भाषा असते. पूर्वीच्या पिढ्यांत 'बिऱ्हाड' हा शब्द प्रचारात होता, आणि त्यात मुक्काम हलविण्याची शक्यता गृहीत धरलेली होती. ह्या तीन शब्दांच्या क्रियापदांकडे लक्ष दिले तर एक भेद ध्यानात येतो. जागा मिळते किंवा घेतली जाते. बिऱ्हाड थाटले जाते. घर मात्र बांधतातही आणि 'करतात'ही. 'मनात घर केले' ह्या वाक्प्रचारात हीच क्रिया अभिप्रेत आहे. तेथे विटा आणि चुना ह्यांचा संबंध नाही. संबंध आहे तो वारंवारच्या सहवासाने एखाद्या ठिकाणी हक्काने स्थिर होण्याचा.

मिळालेल्या जागेचे केलेले घर कसे होते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो काय? काव्य, नाट्य, चित्र आणि शिल्प ह्यांच्या मूल्यमापनाची साधने मराठी समीक्षेने काळजीपूर्वक घडविली. वास्तुकलेचा विचारही झाला. परंतु तो मुख्यतः लेणी, मंदिरे आणि दुर्ग ह्यांच्या संदर्भात. राहत्या घराची रचना, त्यातील सामानाची मांडणी, खिडकीतील कुंड्या ह्या गोष्टी गृहिणीच्या हौसेच्या किंवा सजावटकाराच्या व्यवसायाच्या सदरात टाकल्या गेल्या. वस्तुतः बहुसंख्य माणसे आयुष्यात एकच मोठी रचना करतात, आणि ती म्हणजे त्यांचे घर. तिच्याविषयी समीक्षेजवळ बोलण्यासारखे काही नसेल, तर ती उणीव समीक्षेची आहे.

ह्या विचारासाठी वांद्र्याचे उदाहरण घेण्यास विशेष कारण आहे. एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या चालीवर येथे गृहरचनेचे तीन प्रकार आढळतात : गावठाणातील पिढीजात घरे, सहकारी गृहसंस्थांतील सदनिका, आणि सरकारी नोकरांच्या वसाहतीतील नेमणुकीपुरती निवासस्थाने. मालकीच्या दृष्टीने हे तिन्ही प्रकार परस्परांहून भिन्न आहेत. घराचे आपलेपण मालकीतून उत्पन्न होते, असे जे सामान्यतः मानले जाते, ते येथे तपासून पाहता येते.

२

घराच्या समीक्षेचे दोन रूढ मार्ग आहेत. पहिला शैलीचा. हे घर पोर्तुगीज वळणाचे, हे वसाहतकालीन बंगल्याच्या धर्तीचे, हे 'आर्ट डेको', असे वर्गीकरण करून अभ्यासक थांबतो. दुसरा मार्ग अभिरुचीचा. येथे परीक्षक रंगसंगती, प्रमाण आणि उठाव पाहतो व मांडणी सुसंस्कृत आहे की भडक, ह्याचा निवाडा देतो. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे : त्यांत राहणारा माणूस दिसत नाही. घर हे जणू प्रदर्शनात टांगलेले चित्र आहे असे समजून दाराबाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने त्याची परीक्षा होते.

ह्या अपुरेपणाचे मूळ सौंदर्यशास्त्रातच शोधावे लागेल. कांटने १७९० साली सिद्ध केलेल्या ग्रंथात स्वायत्त आणि परायत्त असे सौंदर्याचे दोन प्रकार मानले, आणि इमारतीचे सौंदर्य त्याने परायत्त गटात घातले. फुलाच्या सौंदर्याचा आस्वाद घेण्यासाठी फूल कशाकरिता आहे हे ठाऊक असावे लागत नाही. इमारतीच्या बाबतीत तिचे प्रयोजन दृष्टीआड करता येत नाही. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) ह्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांवर सौंदर्याची उपपत्ती उभारली. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) ह्या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांचा ताण सविस्तर उलगडून दाखविला. ह्या चर्चेच्या प्रकाशात घराकडे पाहिले तर त्याची अडचण स्पष्ट होते. लयतत्त्वे घराच्या मांडणीला निःसंशय लागू पडतात; दिवाणखान्यातील खुर्च्या आणि भिंतीवरील चौकट ह्यांत संवाद असू शकतो, समतोल असू शकतो. परंतु संध्याकाळी पाहुणे आले की खुर्च्या हलतात, रात्री त्याच खोलीत अंथरुणे पडतात, परीक्षेच्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर पुस्तके येतात. जी लय दिवसातून चार वेळा मोडते व पुन्हा जुळते, तिचे परीक्षण एका स्थिर क्षणी करणे म्हणजे गाण्यातील एक स्वर थांबवून रागाविषयी मत देण्यासारखे होईल.

यावरून असे म्हणावे लागते की, घराचे सौंदर्य परायत्त आहे एवढेच नव्हे, तर ते कालायत्तही आहे. ते एकदा सिद्ध होऊन राहत नाही. राहणाऱ्याच्या गरजेनुसार घडत असते. म्हणून घराच्या समीक्षेचा पहिला प्रश्न 'ते कसे दिसते?' हा नसून 'ते राहणाऱ्याला कितपत बदलू देते, आणि त्या बदलांतून त्याचे जीवन कितपत वाचता येते?' हा असला पाहिजे. ह्याच कसोटीवर वांद्र्यातील तिन्ही प्रकार क्रमाने पाहणे इष्ट ठरेल.

३

वांद्रे हे मुळात साष्टीच्या दक्षिण टोकावरील गावांचा समूह होते. रानवर, पाली, चिंबई, शेर्ली, राजन, कांतवाडी ही त्यांपैकी काही नावे आजही रस्त्यांवर व बसथांब्यांवर ऐकू येतात. पोर्तुगीज अमलात येथील शेतकरी, कोळी व इतर रहिवासी यांपैकी अनेक ख्रिस्ती झाले. मराठीची स्वतंत्र बोली जपणाऱ्या ह्या समाजाने १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव औपचारिकपणे धारण केले. १८४५ साली माहीमचा बांध वाहतुकीस खुला झाला, १८६७ पासून उपनगरी आगगाडी धावू लागली, आणि १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई शहरातून बाहेर पडणाऱ्या लोकांचा ओघ ह्या बाजूला वाढला. १९५० साली वांद्रे बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. गावठाणातील घर ह्या सर्व घडामोडींतून गेले आहे.

रानवरमधील वारोडा रस्त्यालगतचे जुने घर पाहिले तर त्याचे घटक सहज सांगता येतात : रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच ओटा, उतरते कौलारू छप्पर, लाकडी कठडा, वळचणीला कातरकामाची पट्टी, आणि माडीवर जाण्यासाठी बाहेरून चढणारा जिना. ह्याला 'पारंपरिक घर' म्हणण्याची पद्धत आहे. परंतु ही परंपरा बारकाईने तपासली तर ती फेरफारांचीच मालिका ठरते. छपरावरील चपटी मंगळुरी कौले ही बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे सुरू केलेल्या कारखानदारीची देणगी होत. त्यापूर्वी कोकणपट्टीत कुंभाराच्या चाकावरची नळीची कौले असत. म्हणजे आज ज्या कौलांना जुनेपणाचे प्रतीक मानले जाते, ती एके काळी यंत्रावर घडलेली नवी वस्तू होती, आणि घरमालकाने ती नवी म्हणूनच पसंत केली.

बाहेरच्या जिन्याचेही असेच आहे. पाहणाऱ्याला तो डौलदार वाटतो. राहणाऱ्याला त्याने एक सोय मिळवून दिली. कुटुंब वाढले, भाऊ विभक्त झाले, किंवा पैशाची निकड लागून माडी भाड्याने द्यावी लागली, तर खालच्या बिऱ्हाडाला न ओलांडता वर जाता येते. एकत्र कुटुंबाचे घर विभागणीची शक्यता पोटात ठेवून बांधलेले असते. रूपाने जे अलंकार वाटते, ते कौटुंबिक इतिहासाला दिलेले उत्तर असते.

अंतर्भागातही हेच दिसते. दर्शनी खोलीत वेदी, तीवर क्रूस, येशूची व संतांची चित्रे, शेजारी कुटुंबातील लग्नांची छायाचित्रे. कोकणातील हिंदू घरात देवघर बहुधा आतल्या बाजूस असते. येथे वेदी बसण्याउठण्याच्या खोलीतच असते व आलेल्या माणसाला ती प्रथम दिसते. तिच्यापुढे मेणबत्तीच्या जागी विजेचा लहान दिवा आला, मातीच्या फुलदाणीच्या जागी काचेची आली; वेदीची जागा मात्र सहसा बदलली नाही. एका पिढीने काय स्थिर ठेवले आणि काय बदलू दिले, ह्याची नोंदच येथे वाचावयास मिळते.

ओट्याचा निराळा विचार केला पाहिजे. ओटा घराचा असतो आणि रस्त्याचाही. त्यावर घरातील वृद्ध बसतात, शेजारी टेकतात, विक्रेता टोपली उतरवितो. प्लेगच्या काळात आणि त्यानंतर गल्लीगल्लीत उभारलेल्या क्रुसांपाशी जसे शेजारपाजारचे लोक प्रार्थनेला जमतात, तसेच ओट्यावर ते गप्पांना जमतात. आपल्या घराचा एक भाग दुसऱ्याच्या उपयोगाला मोकळा ठेवणे, हे ह्या घराच्या आपलेपणाचे एक अंग आहे. ह्या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

४

दुसरा प्रकार सहकारी गृहसंस्थेचा. मुंबईत ह्या चळवळीचा आरंभ १९१५ साली गावदेवी येथील सारस्वत गृहसंस्थेने केला. वांद्र्याच्या परिसरात १९१८ साली साष्टी कॅथॉलिक गृहसंस्था स्थापन झाली आणि शेतजमिनीवर आखीव भूखंड, रुंद रस्ते व बंगले उभे राहिले. पुढे बंगल्यांच्या जागी इमारती आल्या. १९३७ साली भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरविले. स्नानगृह, स्वयंपाकघर व बैठकीची खोली कशी असावी, हे मध्यमवर्गाला तेथे नमुन्यादाखल दाखविण्यात आले. 'आदर्श घर' ही कल्पनाच नवी होती. तोवर घर वाडवडिलांकडून मिळे किंवा गवंड्या-सुताराशी बोलून उभे राही. आता ते आधी पाहावयाचे व मग त्याप्रमाणे करावयाचे, असा क्रम सुरू झाला.

सदनिकेची मूळ अडचण ही की, ती शेजारच्या सदनिकेसारखीच असते. भिंतींची जागा ठरलेली, खिडक्यांची मापे ठरलेली, दार एकाच बाजूस. तेथे स्वत्व प्रकट करण्याचे एक साधन म्हणजे नाव. वांद्रे पूर्वेस मराठी लेखकांच्या 'साहित्य सहवास' ह्या वसाहतीत झपूर्झा, अभंग, फुलराणी, उषःकाल, शाकुंतल अशी इमारतींची नावे आहेत. सिमेंटच्या एकसारख्या इमारतींना ही नावे मिळताच मराठी वाचकाच्या मनात केशवसुत, संतकवी, बालकवी, हरिभाऊ आणि कालिदास उभे राहतात. भिंत तीच राहिली. पत्ता मात्र वाङ्मयाच्या इतिहासातला झाला. हे वरवरचे वाटेल. परंतु ज्या ठिकाणी रचनेला हात लावता येत नाही तेथे भाषा हाच रचनेचा अवशिष्ट प्रांत असतो, आणि लेखकांनी तो वापरावा हे स्वाभाविकच होय.

तिसरा प्रकार सरकारी वसाहतीचा. स्वातंत्र्योत्तर काळात वांद्रे पूर्वेस राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी मोठी वसाहत उभी राहिली. येथे घर नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. खिळा ठोकण्यापूर्वीही हे आपले नाही, ही जाणीव असते. मालकीतूनच आपलेपण येत असेल, तर ह्या खोल्या धर्मशाळेसारख्या उदासीन असावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात अशा निवासस्थानांत दाराला तोरण, उंबऱ्याबाहेर रांगोळी, तळमजल्यावर कुंपण घालून केलेली चार फुटांची बाग, आणि खिडकीच्या जाळीत तुळस हे सर्व आढळते. निवृत्तीच्या दिवशी भिंती मागे राहतात, कुंड्या बरोबर जातात. ह्या वसाहतीचा मोठा भाग आता पुनर्विकासाच्या वाटेवर आहे. २०२४ साली तिच्याच भूमीवर मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी झाली. जेथे हजारो कुटुंबांनी आपापली तात्पुरती घरे केली, त्या जागेच्या इतिहासात ह्या घरकामाची नोंद कोठेही राहणार नाही, ही गोष्ट अभ्यासकांनी मनावर घेण्याजोगी आहे.

तिन्ही प्रकारांची तुलना केली असता मालकी आणि आपलेपण ह्या दोन भिन्न कोटी ठरतात. मालकीने आपलेपणाला मुदत मिळते. परंतु आपलेपण उत्पन्न होते ते फेरफाराच्या कृतीतून. जेथे कृतीला वाव अधिक तेथे ती भिंती आणि जिने ह्यांवर चालते. वाव कमी होत जातो तसतशी ती सामान, नाव, रांगोळी आणि कुंडी ह्यांच्याकडे वळते. ती सर्वस्वी थांबलेली मात्र क्वचितच दिसते.

५

आता सजावटीकडे वळावे. अलीकडे नवी सदनिका घेणारे कुटुंब पुष्कळदा संपूर्ण काम सजावटकाराकडे सोपविते. भिंतीतील कपाटे, खोटे छत, बेताचे दिवे, साच्यातले स्वयंपाकघर हे सर्व एकाच वेळी सिद्ध होते आणि कुटुंब तयार घरात प्रवेश करते. ह्या पद्धतीची सोय निर्विवाद आहे. नोकरी करणाऱ्या पतिपत्नींना सुतारामागे सहा महिने हिंडणे शक्य नसते, आणि चारशे-पाचशे चौरस फुटांत मापाचे नियोजन कुशल माणसानेच करावे हेही खरे. तथापि तिच्यातील धोका सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता. व्हिएन्नाचा वास्तुविशारद आडोल्फ लोस ह्याने १९०० साली एका गरीब श्रीमंत माणसाची गोष्ट लिहिली. कलेच्या हौसेने ह्या गृहस्थाने आपले घर एका वास्तुविशारदाकडून सर्वांगपरिपूर्ण करून घेतले. प्रत्येक वस्तूची जागा ठरली. वाढदिवसाला पत्नीने व मुलांनी भेटी दिल्या, तेव्हा त्या ठेवण्यास घरात जागाच उरली नव्हती. तुम्ही पूर्ण झाला आहात, आता तुम्हांला काहीही घेण्याचे कारण नाही, असा वास्तुविशारदाचा निर्णय पडला. गोष्टीतील विनोद बाजूला ठेवला तर तिचा निष्कर्ष गंभीर आहे : ज्या घरात भेट ठेवता येत नाही ते घर पूर्ण असेल, पण राहणाऱ्याचे नाही.

मराठी घरातील सामानाचा इतिहास ह्याच्या नेमका उलट आहे. फडताळ, फळी, खुंटी, कोनाडा, पोटमाळा ह्या सर्व रचना रिकाम्या असतात आणि काय येईल ह्याची वाट पाहतात. चाळीतील खोलीत भिंतभर फळी असे. तिच्यावर पितळेचे डबे, त्यांच्यावर नावे कोरलेली, कोणी कोणाच्या लग्नात दिले ते वाचता येईल अशी. ती मांडणी कोणी रेखाटली नव्हती. ती नात्यांच्या क्रमाने भरत गेली होती. पुढे आलेल्या काचेच्या शोकेसचा सुशिक्षितांनी पुष्कळ उपहास केला. त्यातील बाहुल्या, चषक आणि प्रवासातून आणलेले ताजमहाल हे अभिरुचीच्या कसोटीवर टिकणार नाहीत. परंतु ती शोकेस त्या कुटुंबाचा वाचनीय इतिहास होती. उलट, आज विकत मिळणाऱ्या चित्राने भरलेली भिंत अनेकदा सुंदर असते आणि मुकी असते.

वारली चित्रांचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. डहाणू-जव्हारच्या वारली घरात लग्नप्रसंगी स्त्रिया कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. ते लेखन विधीचा भाग होते. १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे ह्यांच्यासारख्या थोर कलावंताने त्यांना स्वतंत्र कलेचे स्थान मिळवून दिले. त्यानंतर ती पडद्यांवर, कुंड्यांवर आणि सदनिकांच्या भिंतींवर नमुना म्हणून उमटू लागली. म्हसे ह्यांच्या कागदावरील चित्राला कलाकृतीचे स्वातंत्र्य आहे. मूळ चौकाला प्रसंगाचे अधिष्ठान आहे. पडद्यावरील छापाला दोन्ही नाही. तो वाईट नव्हे, पण त्याने घर आपले होत नाही. कारण तो घरात घडलेल्या कोणत्याही गोष्टीला उत्तर देत नाही. त्याच घरातील मुलीने स्वतःच्या हाताने, कदाचित वेडेवाकडे, काढलेला चौक ह्या अर्थाने अधिक सार्थ ठरेल.

६

घरातील झाडांविषयी दोन गैरसमज रूढ आहेत. एक देशीपणाचा, दुसरा उपयुक्ततेचा.

वांद्र्यातील ओट्यावर किंवा खिडकीत जी झाडे दिसतात त्यांची कुळे पाहिली तर त्यांपैकी बरीच समुद्रमार्गे आलेली आहेत. क्रोटन मलायाच्या व प्रशांत महासागराच्या बेटांकडचा; सदाफुली मादागास्करची; बोगनवेल आणि खुरचाफा अमेरिकेचे; मनीप्लांट सोसायटी द्वीपसमूहातील मोओरेआ बेटाचा. तुळस वगळली तर आपल्या म्हणून सांगता येईल अशी कुंडी शोधावी लागते. तरीही खुरचाफा कोकणच्या देवळांपुढे असा रुजला आहे की त्याला परका म्हणण्यास कोणीही धजणार नाही. आपलेपण उगमाने ठरत नाही, सांभाळाने ठरते, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा दुसरा नसेल.

उपयुक्ततेचा दावा असा की, घरातील झाडे हवा शुद्ध करतात. त्याला १९८९ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने बंदिस्त पेटीत केलेल्या प्रयोगांचा आधार दिला जातो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षणात अशा प्रयोगांचा एकत्रित हिशेब करण्यात आला आणि साध्या खोलीतील वायुवीजनाच्या तोडीचे काम होण्यासाठी दर चौरस मीटरला किमान दहा, आणि प्रसंगी शेकडो झाडे लागतील, असे दिसून आले. म्हणजे खिडकी उघडणे अधिक फलदायी. परंतु ह्यामुळे कुंडीचे महत्त्व कमी होत नाही. ते योग्य जागी येते. झाड हे घरातील असे एकमेव सामान आहे की जे राहणाऱ्याच्या अनुपस्थितीत बिघडते. त्याला रोज पाणी लागते, पावसाळ्यात आत घ्यावे लागते, उन्हाळ्यात सावली द्यावी लागते. सुटीत गावी जाताना किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी लागते ती बहुधा झाडांसाठीच. घर हे कालायत्त असते असे जे वर म्हटले, त्याचे सर्वांत साधे प्रमाण म्हणजे कुंडी.

मनीप्लांटची एक हकीकत येथे अर्थपूर्ण आहे. लागवडीतील ह्या वेलीला सहसा फूल येत नाही. तिची वाढ कांड्यांपासूनच होते. म्हणून मुंबईच्या स्वयंपाकघरात बाटलीतील पाण्यात वाढणारी वेल बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून आलेली असते. तुळशीचे रोपही विकत घेण्यापेक्षा मागून आणण्याचीच रीत होती, आणि ते वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात लावले जाई. चिनीमातीची कुंडी आणि गंजका डबा ह्यांत अभिरुचीची समीक्षा सहज निवड करील. घराच्या समीक्षेने मात्र त्या डब्याला आधी विचारले पाहिजे की, हे रोप कोणाकडून आले.

७

ह्या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप येईल. राहणाऱ्याचा फेरफार हेच आपलेपणाचे लक्षण मानले, तर मुंबईतील प्रत्येक बंदिस्त गॅलरी, प्रत्येक पिंजऱ्यासारखी जाळी, ओटा तोडून काढलेले प्रत्येक दुकान ह्यांचे समर्थन करावे लागेल काय?

फेरफाराचा आग्रह धरणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. कॉर्ब्युझिएने १९२६ च्या सुमारास फ्रान्समधील पेसाक येथे कामगारांसाठी घरे उभारली. रहिवाशांनी रुंद खिडक्या अरुंद केल्या, सपाट छतांवर उतरती छपरे चढविली, गच्च्या बंद केल्या. प्रथम ह्यात रचनेचा पराभव पाहिला गेला. १९६९ साली फिलिप बूदाँने ह्या बदलांचा अभ्यास करून मूळ रचनेने ते शक्य केले असे दाखविले. नव्या मुंबईत बेलापूर येथे चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात केलेली घरे तर वाढविण्यासाठीच आखली होती. शेजारची भिंत सामाईक नसावी म्हणजे प्रत्येकाला आपले घर स्वतंत्रपणे वाढविता येईल, हे त्या योजनेचे सूत्र होते. ती वाढली, बदलली, काही ओळखू येईनाशी झाली.

परंतु बेलापूरच्या सूत्रातच मर्यादेचाही निर्देश आहे. माझा बदल तुझ्या भिंतीवर पडू नये, ही ती मर्यादा. गॅलरी बंद करून मुलाच्या अभ्यासाची खोली केली, तर तो गरजेला दिलेला प्रतिसाद आहे. अपुऱ्या जागेच्या शहरात त्याला अभिरुचीच्या नावाने हिणविणे हे सुखवस्तूंचे काम होय. जिन्यातील वाट अडवून, आग लागल्यास सुटकेचा मार्ग बंद करून, किंवा तुळई कापून केलेला बदल मात्र आपलेपणाच्या सदरात बसत नाही, कारण तो इतरांचे घर हिरावून घेतो. येथे ओट्याचा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. गावठाणातील घराने स्वतःचा एक भाग शेजाराला देऊन आपलेपण सिद्ध केले. सार्वजनिक वाट घरात ओढून घेणारा बदल त्याच्या नेमका उलट आहे. तेव्हा फेरफाराचे मूल्यमापन दोन प्रश्नांनी करावे : त्याने घरातल्यांच्या कोणत्या गरजेला उत्तर दिले, आणि बाहेरच्यांपासून काय काढून घेतले?

जतनाच्या प्रश्नाकडेही ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. मुंबईत १९९५ साली वारसा-नियमावली लागू झाली. तिच्यात वास्तूंच्या श्रेणी पाडल्या आहेत. श्रेणी जसजशी खाली येते तसतशी फेरफारास अधिक मुभा मिळते. ही योजना समंजस आहे. पण जतनाविषयीचे लोकमत समंजस असतेच असे नाही. त्याला दर्शनी भाग हवा असतो : कौले, कठडा, जिना. चॅपल रस्त्याच्या परिसरातील भिंतींवर २०१२ पासून चित्रपटसृष्टीची भव्य चित्रे रंगविण्याचा उपक्रम झाला, आणि ह्या गल्ल्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध पावल्या. त्या चित्रांत कौशल्य आहे आणि गल्लीला त्यांनी रंगत आणली हेही मान्य केले पाहिजे. परंतु पाहणाऱ्याची दृष्टी भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर थबकते. आत पावसाळ्यात गळणारे छप्पर, दुरुस्तीचा खर्च, वारसांतील वाटण्या आणि विकासकाचा देकार ह्यांनी गांजलेले कुटुंब तिला दिसत नाही. दर्शनी भाग राखून आतील माणसे निघून गेली, आणि ओट्यावर कुणा उपाहारगृहाची टेबले मांडली गेली, तर शैलीच्या समीक्षेच्या मते घर वाचले. ह्या लेखात सुचविलेल्या समीक्षेच्या मते घर गेले आणि इमारत राहिली.

म्हणून वांद्र्यातील घरांचा अभ्यास करणाऱ्याने दर्शनी भागाच्या मोजमापांबरोबरच आणखी काही नोंदी घ्याव्यात : कौले केव्हा व का बदलली, माडी कोणाला दिली, वेदी कोठे आहे, शोकेसमधील वस्तू कोणी आणल्या, कुंडीतील कांडी कोणत्या घरून आली. सदनिकांत बंद केलेल्या गॅलरीची, सरकारी निवासस्थानांत मागे राहिलेल्या खिळ्यांची नोंद तितकीच मोलाची ठरेल. ह्या नोंदी आज घेता येतात. वसाहती पाडल्यावर आणि गावठाणे रिकामी झाल्यावर त्या घेता येणार नाहीत. मराठी विभागांनी बोलींचे नमुने गोळा केले, लोकगीते गोळा केली. घर हीही लोकांनी रोज उच्चारलेली एक भाषा आहे, आणि तिचा संग्रह व्हावयाचा आहे.